हजार फाशांचा वड आणि एक इंग्रजी क्रियापद

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकाच्या अखेरीस क्रियापदांच्या तीन रूपांची जी लांबलचक यादी छापलेली असते, ती आमच्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी अर्थाकडे फारसे लक्ष न देता, केवळ तालाच्या आधारावर, पाढ्यांसारखी मुखोद्गत केलेली असते. आणि आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील शाळांत इंग्रजी शिकविण्यात माझ्या उमेदीची सारी वर्षे गेली असल्यामुळे, त्या यादीतील कोणत्या ओळीवर मुलांचा सूर बिनधोक पुढे जातो आणि कोणत्या ओळीपाशी तो हमखास अडखळतो, याचा मला चांगला परिचय आहे. 'गो, वेंट, गॉन' किंवा 'डू, डिड, डन' या ओळी कोणीही झोपेतून उठून म्हणाव्यात. 'कट, कट, कट' आणि 'पुट, पुट, पुट' तर मुलांच्या विशेष प्रेमाच्या, कारण त्यांत लक्षात ठेवण्यासारखे वेगळे असे काहीच नसते. 'हँग' या क्रियापदापुढे मात्र यादीत एक नव्हे तर दोन ओळी छापलेल्या असत. एकीत भूतकाळाचे रूप 'हंग' आणि अर्थ 'टांगणे', तर दुसरीत रूप 'हँग्ड' आणि अर्थ 'फाशी देणे'. एकाच धातूला दोन भूतकाळ का असावेत, हा प्रश्न यादी पाठ करणाऱ्यास सहसा पडत नाही. तो पडतो वाक्य लिहू लागणाऱ्यास, आणि ज्या मुलखात मी शिकवीत होतो तेथे तो काही निराळ्याच गांभीर्याने पडत असे.

हा मुलूख म्हणजे पैनगंगेच्या दक्षिण तीरावरचा, काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. निझामाच्या अमदानीत याला एदलाबाद म्हणत; आधी तो सिरपूर-तांडूरचा भाग होता, १९०५ साली आदिलाबाद हे जिल्ह्याचे ठाणे झाले, आणि अव्वल तालुकदाराच्या कचेरीतील सारे दफ्तर उर्दूत चालू लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आमच्यापासून तुटून नांदेडला मिळाले, राजुरा १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात गेले, आणि आम्ही जैनथ, बेला, तामसी, बोथकडची मराठी बोलणारी गावे आंध्र प्रदेशात राहिलो. पुढे २०१४ मध्ये तेलंगणात आलो, आणि २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा निर्मल, मंचेरियाल आणि आसिफाबाद हे आमच्यापासून निराळे जिल्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. या साऱ्या उलथापालथीचा परिणाम असा की, माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलाच्या घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, गोंडी, कोलामी किंवा बंजारा यांपैकी कोणती तरी एक बोली असे, बाजारात त्याला तेलुगू आणि दखनी दोन्ही लागत, शाळेत तो पुस्तकी मराठी वाचीत असे, आणि इतक्या भाषांचा व्यवहार सांभाळून झाल्यावर मग तो माझ्याकडून इंग्रजी शिकण्यास बसत असे. अशा मुलांना बाहेरचे अधिकारी 'भाषेत कच्ची' म्हणत, तेव्हा मला मनापासून वाईट वाटे. एका भाषेतला भेद दुसऱ्या भाषेत नेमका कसा उतरतो, याची जी जाण या मुलांना असे, ती एकाच भाषेत वाढलेल्या मुलांत मला क्वचितच आढळली.

'हंग' आणि 'हँग्ड' यांचा घोळ त्यांना होई, तो प्रथम कानाने होई. फळ्यावर लिहिताना 'हँग' आणि 'हंग' यांत फरक एवढा एका चंद्राचा. तो पुसट निघाला की वर्तमान आणि भूत एकच होऊन बसत. त्यात 'सिंग, सँग, संग' आणि 'रिंग, रँग, रंग' या ओळी शेजारीच असल्यामुळे, 'हँग' हा भूतकाळ आणि 'हिंग' हे मूळ रूप, असा तर्क एखाद्या चतुर मुलाने केला तर त्यात त्याचा दोष मानता येत नसे. म्हणून हे क्रियापद शिकविताना मी यादीचा क्रम मोडीत असे. आधी वर्गाबाहेरच्या कडुलिंबाकडे बोट दाखवी, जेथे आमच्या शाळेची घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा तारेने बांधलेला असे. शिपायाने ती घंटा तेथे टांगली, हे एक वाक्य. घंटा वर्षानुवर्षे तेथे लोंबत राहिली, हे दुसरे. आणि दोन्ही वाक्यांत 'हंग' हेच रूप कसे येते, हे मुलांच्या तोंडून वदवून घेई. टांगणारा असो वा नसो, 'हंग' दोन्हीकडे चालते, एवढे त्यांच्या मनात पक्के बसल्याशिवाय मी 'हँग्ड' या रूपाचे नाव काढीत नसे.

या दुसऱ्या रूपाचा इतिहास मी पुढे स्वतःच्या समाधानासाठी शोधून वाचला, आणि तो वरच्या वर्गांना सांगू लागलो, कारण इतिहास सांगितला की अपवाद हा लहर न राहता वृत्तान्त होतो. प्राचीन इंग्रजीत हा धातू एक नव्हता. टांगण्याच्या क्रियेसाठी एक सकर्मक क्रियापद होते, त्याचा भूतकाळ स्वर पालटून होत असे. लोंबण्याच्या अवस्थेसाठी दुसरे अकर्मक क्रियापद होते, त्याला साधा प्रत्यय लागत असे. आणि उत्तरेकडून आलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून आणखी एक तिसरे त्यांत मिसळले. कालांतराने या तिघांचा एक धातू झाला, आणि भूतकाळाची रूपे मात्र एकमेकांशी झगडत राहिली. सोळाव्या शतकाच्या सुमारास उत्तर इंग्लंडच्या बोलीतील 'हंग' हे रूप, 'संग' सारख्या रूपांच्या वळणावर, दक्षिणेत आले आणि हळूहळू सर्व व्यवहारात रुजले; एका ठिकाणी तेवढा त्याचा शिरकाव झाला नाही. ते ठिकाण म्हणजे न्यायालय. देहान्ताची शिक्षा फर्मावताना न्यायाधीश जे वाक्य उच्चारीत, त्यात जुने 'हँग्ड' होते, आणि कचेरीची भाषा एकदा ठरली की ती सहसा बदलत नाही. हे आमच्या मुलांना समजावण्यास फार दूर जावे लागत नसे. निझामाची सत्ता १९४८ साली गेली, उर्दू दफ्तर मागे पडले, तरी शेताच्या कागदाला त्यांचे वडील 'पहाणी' च म्हणत, आणि मोजणीच्या जुन्या नोंदीला 'सेतवार' म्हणत. राज्य गेले, भाषा गेली, पण ज्या शब्दावर जमिनीची मालकी ठरते तो शब्द टिकून राहिला. ज्या शब्दावर माणसाचे प्राण जातात तो तसाच टिकावा, हे त्यांना ओघानेच पटत असे.

परंतु या रूपाचा खरा अर्थ माझ्या वर्गाला कळला तो निर्मलमुळे. आदिलाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर रस्त्यावर, सुमारे ऐंशी किलोमीटरवर, महबूब घाट उतरला की निर्मल लागते. लाकडी खेळण्यांसाठी आणि चित्रांसाठी हे गाव देशभर ठाऊक आहे. आमच्या भागात मात्र ते आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवले जाते. १८५७ च्या उठावाचे लोण दक्षिणेकडे आले तेव्हा या डोंगराळ प्रदेशातील गोंड, आणि त्यांच्यासह रोहिले व इतरही काही, रामजी गोंड याच्या नेतृत्वाखाली इंग्रज आणि निझाम या दोघांच्याही फौजांविरुद्ध उठले. उत्तरेतील उठाव शमला तरी निर्मलच्या परिसरातील हा लढा चालूच होता. अखेर रामजी पकडला गेला, आणि १८६० साली त्याला व त्याच्या अनुयायांना निर्मल येथील एका विशाल वटवृक्षाच्या फांद्यांवर फाशी देण्यात आले. लोकपरंपरा हा आकडा एक हजार सांगते, आणि म्हणून तेलुगूत त्या झाडाचे नाव 'वेय्यि उरुल मर्रि', म्हणजे हजार फाशांचा वड, असे पडले. ते झाड आता उभे नाही. त्याची आठवण राखणारे स्मारक गावात आहे, रामजीचा पुतळाही आहे. त्याच १८६० साली, ऑक्टोबर महिन्यात, कलकत्त्यास भारतीय दंडसंहितेचा कायदा संमत झाला. तो निझामाच्या राज्यास लागू नव्हता, परंतु एकीकडे शिक्षेची कलमे काळजीपूर्वक शब्दबद्ध होत असताना दुसरीकडे एका झाडाच्या फांद्या वधस्तंभ म्हणून वापरल्या जात होत्या, ही दोन दृश्ये मला कधीच एकमेकांपासून अलग करता आली नाहीत.

आमच्या शाळेच्या सहली निर्मलला जात, आणि परतल्यावर इंग्रजीत दहा ओळी लिहिण्याचा माझा नेम असे. एका वर्षी उटनूरकडच्या एका गोंड गुड्यातून आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने आपल्या वहीत लिहिले होते, ते मराठी अक्षरांत सांगायचे तर असे: 'रामजी गोंड अँड हिज मेन वेअर हंग ऑन द ट्री फॉर मेनी डेज.' यादीप्रमाणे येथे 'हँग्ड' हवे होते. लाल शाई टेकविण्यापूर्वी लिहिणाऱ्यास काय म्हणावयाचे आहे ते विचारून घ्यावे, असा माझा परिपाठ असल्यामुळे मी त्याला टेबलापाशी बोलावले.

"इथं 'मेनी डेज' कशाला लिहिलंस?" मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "सर, माझे आजोबा सांगतात, फाशी दिल्यावर कोणाला उतरवू दिलं नाही. लई दिवस झाडालाच होते. मी ते लिहिलं."

त्या क्षणी मला जाणवले की त्याचे वाक्य चुकीचे नव्हते; त्यात दोन वाक्ये एकत्र अडकली होती. एक वाक्य मारण्याचे, दुसरे मेल्यानंतरचे. मी त्याला खडू दिला आणि फळ्यावर ती दोन्ही वाक्ये वेगळी लिहावयास लावली. पहिल्यात 'दे वेअर हँग्ड', दुसऱ्यात 'देअर बॉडीज हंग फ्रॉम द ट्री'. मग वर्गाला विचारले की या दोन वाक्यांपैकी कोणत्या वाक्याला 'कोणी?' असा प्रश्न विचारता येतो. क्षणभराच्या शांततेनंतर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पहिल्याला, सर. दुसऱ्यात कोणी काही करत नाही, ते नुसते लोंबतात."

व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद सकर्मक आणि अकर्मक, कर्तरी आणि कर्मणी अशा संज्ञांत सांगितलेला असतो, आणि तो तसा सांगणे आवश्यकही आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' या ग्रंथात मराठीच्या प्रयोगांची जी चिकित्सा केली आहे, ती वाचलेल्या शिक्षकाला या संज्ञांची उपयुक्तता वेगळी पटवून देण्याची गरज नाही. परंतु त्या दिवशी त्या वर्गात कर्ता या शब्दाला जे वजन आले, ते पुस्तकाने आणले नव्हते. 'वेअर हँग्ड' या कर्मणी वाक्यात कर्त्याचे नाव लिहिलेले नसते, तरीही तो तेथे असतो. कोणाचा तरी हुकूम असतो, कोणी तरी दोर ओढलेला असतो. 'हंग' लिहिले की तो हुकूम देणारा वाक्यातून निघून जातो, आणि झाड, दोर आणि प्रेत एवढेच मागे उरते, जणू हे सारे आपोआप झाले. मुलांना मी एवढेच सांगितले की, ज्यांनी हे केले त्यांना वाक्यातून सुटू द्यायचे नसेल तर पहिल्या वाक्यात ते रूप जपून लिहा. आणि तुमच्या आजोबांनी जे सांगितले तेही सोडू नका, ते दुसऱ्या वाक्यात लिहा. त्या मुलाने वहीत दोन्ही वाक्ये पुन्हा सुवाच्य अक्षरांत उतरून घेतली.

यानंतर मुलांच्या मनात हा भेद इतका पक्का झाला की ती त्याची अति करू लागली. 'माणसाला हँग्ड, वस्तूला हंग' असा सोपा नियम त्यांनी आपापसांत करून टाकला, आणि असा नियम अनेक मार्गदर्शकांतही छापलेला आढळतो. तो अर्धाच खरा आहे. गावाबाहेरच्या वडाच्या पारंब्यांना मुले दुपारभर लोंबकळत, त्या मुलांच्या बाबतीत 'हंग' च हवे; ती जिवंत आहेत आणि हसत आहेत. हा नियम मोडावा म्हणून मी प्रयत्न करीत होतो, पण तो मोडला तो एका मुलीच्या प्रश्नाने. तिने विचारले की त्रिशंकू राजा माणूसच होता, मग त्याच्यासाठी कोणते रूप वापरायचे. विश्वामित्राच्या तपोबलाने तो स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामध्ये अधांतरी राहिला, परंतु गळ्याला दोर लावून त्याला कोणी मारले नाही; तेव्हा 'हंग'. नियमाचा पाया माणूस किंवा वस्तू हा नसून गळफासाने होणारा मृत्यू हा आहे, हे त्या एका उदाहरणाने माझ्या कोणत्याही व्याख्येपेक्षा स्वच्छ झाले. १९८९ आणि १९९६ साली लोकसभेत कोणालाच बहुमत मिळाले नाही तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या सभागृहाला 'हंग' म्हटले आणि मराठी वर्तमानपत्रांनी 'त्रिशंकू'. ही जुळणी मी तेव्हापासून दर वर्षी वर्गात सांगत आलो.

आणखी एक घोळ होई तो गोंडांचा नेता कोमराम भीम याच्याविषयी. त्याचे नाव आमच्या मुलांच्या तोंडी रामजी गोंडाइतकेच असे, आणि हुतात्मा म्हटला की फाशी, असे समीकरण भगतसिंग आणि चापेकर बंधूंच्या धड्यांमुळे मनात बसलेले असल्याने, कोमराम भीमलाही अनेक मुले फाशी देऊन टाकीत. तो १९४० साली जोडेघाट येथे निझामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्याच्या मृत्यूनंतर या आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी निझाम सरकारने पाठविलेले मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी मार्लावाई येथे गोंड मुलांसाठी जी शिक्षणाची योजना उभी केली, तिच्यात गोंडी भाषा देवनागरी अक्षरांत शिकविली जाई, आणि पहिले शिक्षक मराठी वाचता येणाऱ्या गोंडांमधून घडविले गेले. आमच्या शाळांतील गोंड मुले देवनागरीत सहज लिहीत, त्याचे एक मूळ तेथे आहे. या गोष्टीवर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे पुष्कळ आहे, परंतु ते येथे नको.

विधिज्ञांच्या भाषेत हे रूप आजही जसेच्या तसे आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, आणि नंतर २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या संहितेच्या ३५४ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात, देहान्ताची शिक्षा झालेल्या माणसाला मृत्यू येईपर्यंत गळ्याने फाशी दिले जावे असे जे वाक्य होते, त्यात 'हँग्ड' होते. १९८३ साली दीना विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच पद्धतीची घटनात्मकता तपासून ती वैध ठरविली. दहावीच्या मुलाला या कलमाचा आकडा पाठ असावा असा माझा आग्रह नव्हता. परंतु ज्या वाक्यावर एका माणसाचे जगणे थांबते, ते वाक्य कोणत्या एका क्रियापदाच्या कोणत्या एका रूपावर उभे आहे, हे त्याला एकदा तरी दाखवावे, असे मला नेहमी वाटे.

माझा एक विद्यार्थी पुढे पोलीस खात्यात गेला आणि आमच्याच भागातील एका ठाण्यात लिखापढीचे काम करू लागला. कापसाच्या या पट्ट्यात ओल्या-कोरड्या दुष्काळांनी आणि कर्जाने किती घरे उद्ध्वस्त केली, हे येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. अशाच एका घरचा पंचनामा इंग्रजीत वर पाठवावयाचा होता, आणि कच्च्या मसुद्यात त्या शेतकऱ्याच्या बाबतीत 'हंग' असे लिहिलेले होते. माझ्या विद्यार्थ्याने ते बदलून 'हँग्ड हिमसेल्फ' केले. बाजार समितीच्या आवारात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेशेजारी, तो मला हे सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज अधिकाऱ्याचा नव्हता, माझ्या वर्गातल्या मुलाचा होता. "सर, वरिष्ठ म्हणाले, काय फरक पडतो. पण त्या शेतकऱ्याच्या मुलाला उद्या ती नक्कल मिळणार होती. तो आपल्याच शाळेत आहे."

अलीकडे इंग्लंड-अमेरिकेतील वर्तमानपत्रांतही फाशी दिलेल्यांसाठी 'हंग' सर्रास दिसते, आणि कोशकारही ते रूढ झाल्याची नोंद करतात. भाषेचा प्रवाह कोणी शिक्षक अडवू शकत नाही, आणि कोणा विद्यार्थ्याने एखाद्या सामान्य बातमीचा सारांश लिहिताना ते रूप वापरले तर त्याचा गुण कापावा, असे मी माझ्या नंतर आलेल्या तरुण शिक्षकांना कधी सांगितले नाही. परंतु मुले निर्मलविषयी लिहीत असतील तेव्हा 'हँग्ड' च लिहून घ्या, असे मात्र मी त्यांना आग्रहाने सांगतो. आणि लिहून घेण्यापूर्वी 'कोणी?' हा प्रश्न मुलांकडून मोठ्याने विचारून घ्या, आणि उत्तर इंग्रजीत नीट देता आले नाही तरी हरकत नाही, ते मराठीत किंवा गोंडीत देऊ द्या.